‘किंवा’वर अडलेली चाळीस काडतुसं

काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, “काडतुसं कुठल्या कंपनीची आहेत, सर?”

आजोबा म्हणाले, “कंपनीची नाहीत. मी स्वतः घरी भरलीत.”

तिचा फॉर्मवरचा हात थांबला. तोवर सगळं सुरळीत चाललं होतं. रायफलची पेटी टणक होती, दोन्ही बाजूंना कुलपं होती, बंदूक रिकामी असल्याचं आजोबांनी आपणहून सांगितलं होतं. पण ‘घरी भरलेली’ हे ऐकून तिनं पेटी आपल्याकडे ओढायची सोडून आमच्याकडे सरकवली. म्हणाली, “घरगुती काडतुसं विमानात चालत नाहीत. कारखान्याच्या मूळ खोक्यात असतील तरच घेता येतील.”

विमान सुटायला पावणेदोन तास होते. पुढं जे घडलं ते मी सविस्तर लिहितोय, कारण अमेरिकेत आता आपल्यातले बरेच जण शेजाऱ्यापाजाऱ्यांबरोबर शिकारीला जाऊ लागलेत आणि या एका मुद्द्यावर पुष्कळ चुकीची माहिती तोंडी फिरत असते. स्वतःला जाणकार समजणारेसुद्धा ती छातीठोकपणे सांगतात.

आधी माणसं. आजोबा म्हणजे विस्कॉन्सिनमधले आमचे शेजारी. वय 71, सगळं आयुष्य लेथ मशीनवर गेलेलं. ‘आजोबा’ हे नाव माझ्या मुलीनं लावलं आणि आता त्यांची स्वतःची नातवंडंही त्यांना तेच म्हणतात. त्यांना मॉन्टानात एल्कच्या शिकारीचा परवाना मिळाला होता. एल्क म्हणजे सांबरापेक्षाही मोठं हरीण. डोंगरात एकट्यानं जाऊ नये म्हणून मी सोबतीला निघालो. माझ्याकडे बंदूकही नाही आणि परवानाही नाही. इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. एच-वनसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार बंदूक किंवा काडतूस बाळगता येत नाही. वैध शिकार परवाना असेल तर ती अपवादात्मक सूट मिळते. मी ग्रीन कार्डावर आहे, म्हणून माझ्यापुरता हा प्रश्न नव्हता. तुमच्यापुरता असू शकतो.

आता काडतुसं. आजोबांच्या तळघरात एका जड टेबलाला दाबयंत्र पक्कं केलेलं आहे. एकदा उडवलेली पितळी पुंगळी ते टाकून देत नाहीत. ती साफ करायची, साच्यातून काढून पुन्हा मापात आणायची, तळाशी प्रायमरची, म्हणजे ठोसा बसला की पेटणारी, नवी टोपी बसवायची, दारू तोलून भरायची आणि वर गोळी दाबून बसवायची. दारू तोलायचं माप ग्रेनमध्ये असतं. एका पौंडात 7000 ग्रेन, म्हणजे एक ग्रेन जेमतेम 65 मिलिग्रॅम. आजोबा ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत काटा बघतात. काटा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून धरतात. मी पाहिलंय. हे सगळं पैसे वाचवायला नाही. प्रत्येक रायफलची आवड वेगळी असते; कुठली गोळी, किती दारू, किती लांबी हे जुळून आलं की नेम एका जागी बसतो. त्यांची रायफल तीस-ओ-सिक्स, म्हणजे 1906 साली अमेरिकी सैन्यानं स्वीकारलेल्या काडतुसाची. या भरणीनं ते अकरा वर्षं शिकार करतायत. “जनावर तडफडत राहता कामा नये,” एवढंच त्यांचं कारण.

चाळीस काडतुसं त्यांनी पन्नास खणांच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवली होती. प्रत्येक खणात एक, टोक खाली, तळ वर. झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवलेला: भरल्याची तारीख, गोळीचं वजन, दारूचं नाव, एकूण लांबी. अक्षर लेथवाल्याचं, सरळ आणि टोकदार.

हा डबा बघून मुलगी घाबरली असं मी म्हणणार नाही. तिला नियम नीट माहीत नव्हता आणि नियम माहीत नसताना ‘नाही’ म्हणणं हे तिच्या जागेवरून बरोबरच होतं. तिच्यामागे दीडशे माणसांचं विमान उभं होतं. राग मला आला तो आमच्याच रांगेतल्या एका गृहस्थाचा. डोक्यावर शिकाऱ्याची टोपी, हातात तशीच पेटी. तो पुढं वाकून हळूच म्हणाला, “माझ्या गाडीत कारखान्याचं रिकामं खोकं आहे. त्यात भरा आणि मोकळे व्हा. कोण बघतंय?”

आजोबांनी मान हलवली. “खोक्यावर जे लिहिलंय ते आत नसेल, तर ते खोकं खोटं बोलतं.”

हे वाक्य मी विसरणार नाही, कारण विमानाच्या पोटात खोटं लेबल गेलं की काय होतं हे 1996 साली दिसलेलं आहे. त्या वर्षी 11 मे रोजी व्हॅल्युजेटचं 592 क्रमांकाचं विमान मायामीहून अटलांटाला निघालं आणि काही मिनिटांतच एव्हरग्लेड्सच्या दलदलीत कोसळलं. 110 जण गेले. पुढच्या मालकोठ्यात मुदत संपलेले रासायनिक ऑक्सिजन जनरेटर खोक्यांतून ठेवलेले होते. त्यांच्या सुरक्षा टोप्या बसवलेल्या नव्हत्या आणि कागदावर ते ‘रिकामे’ म्हणून दाखवले होते. ते रिकामे नव्हते. त्यांतला एखादा सुरू झाला, तापला, आग लागली आणि तिला खतपाणी घालायला ऑक्सिजनही तिथेच होता. काडतूस म्हणजे ऑक्सिजन जनरेटर नव्हे, हे मला कळतं. पण मालकोठ्यात काय आहे हे विमान कंपनीला फक्त लेबलावरून आणि प्रवाशाच्या शब्दावरूनच कळतं. त्यातलं एक जरी खोटं निघालं तर बाकी सगळे नियम वाऱ्यावर.

मग मी मुलीला विनंती केली की तिच्या कंपनीचा लेखी नियम आपण सगळे मिळून वाचू. तिनं सुपरवायझरला बोलावलं. पन्नाशीच्या बाई होत्या, चष्मा गळ्यात अडकवलेला. त्यांनी पडद्यावर नियम काढला आणि बोट ठेवून मोठ्यानं वाचला. त्याचा आशय असा: काडतुसं उत्पादकाच्या मूळ वेष्टनात असावीत, किंवा काडतुसांसाठी बनवलेल्या पुठ्ठ्याच्या, लाकडाच्या, प्लास्टिकच्या वा धातूच्या डब्यात नीट बांधलेली असावीत, माणशी अकरा पौंडांच्या वर नकोत.

मुलीनं पहिला अर्धा भाग वाचला होता. ‘किंवा’च्या पलीकडे ती गेलीच नव्हती.

बाईंनी डब्याचं झाकण उघडलं, दोन-तीन काडतुसांवर बोट फिरवलं, झाकण बंद करून डबा हलवून पाहिला. काही खुळखुळलं नाही. वजनकाट्यावर पावणेतीन पौंडांच्या आसपास भरला. “झाकणाला चिकटपट्टी लावा आणि पेटीत ठेवा,” त्या म्हणाल्या. बंदूक रिकामी असल्याच्या कार्डावर आजोबांनी सही केली, कार्ड पेटीत गेलं, कुलपं लागली, किल्ली आजोबांच्या खिशात. सगळा खोळंबा पंचवीस मिनिटांचा.

विमानात बसल्यावर मी नियमांची उतरंड नीट समजून घेतली, तीच इथे सांगतो.

सगळ्यात खाली अमेरिकेचा कायदा. केंद्रीय नियमावलीच्या 49व्या खंडातलं 175.10 हे कलम प्रवाशाला स्वतःच्या वापरापुरती लहान शस्त्रांची काडतुसं नेऊ देतं. अट अशी की ती फक्त चेक-इन सामानात हवीत आणि थोड्या काडतुसांसाठीच बनवलेल्या डब्यात पक्की ठेवलेली हवीत. विमानतळावरची सुरक्षा बघणारी टीएसए हेच सांगते: पाऊण इंच व्यासापर्यंतची काडतुसं आणि कुठल्याही मापाची छऱ्यांची काडतुसं चालतात, सुट्टी चालत नाहीत, केबिनमध्ये एकही चालत नाही. रिकाम्या बंदुकीच्याच कुलूपबंद पेटीत डबा ठेवला तरी चालतो. काडतूस कारखान्यात भरलं की तळघरात, हा फरक या कलमात कुठेही नाही. त्याच्या वर आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेचा, म्हणजे आयाटाचा नियम: कंपनीची परवानगी घ्यायची, माणशी एकूण पाच किलो, आणि दोघांचा वाटा एकाच डब्यात एकत्र करायचा नाही. अमेरिकी कंपन्यांचे अकरा पौंड ते हेच पाच किलो. आजोबांचं एक काडतूस साधारण 27 ग्रॅमचं. डब्यांचं वजन धरूनही दीडशेच्या वर नेता आली असती.

आणि सगळ्यात वर विमान कंपनीचा स्वतःचा नियम. कंपनी कायद्यापेक्षा सैल होऊ शकत नाही, कडक मात्र होऊ शकते. गोम इथे आहे. ‘कायद्यात चालतं’ हे काउंटरवर सांगून काही उपयोग नाही. त्या दिवशी आम्ही सुटलो ते कंपनीच्याच वाक्यात ‘किंवा’ होता म्हणून.

डब्याचा एवढा आग्रह का, तेही सांगतो. काडतुसाचा नाजूक भाग म्हणजे तळाची टोपी. तिच्यावर टोकदार ठोसा बसला की ती पेटते. बंदुकीत नेमकं हेच काम पिन करते. सुट्टी काडतुसं बॅगेत आदळली तर एकाचं टोक दुसऱ्याच्या टोपीवर आपटायची शक्यता असते. खणांत ती शक्यताच उरत नाही. आणि समजा एखादं पेटलंच, तर बंदुकीबाहेर काडतूस बंदुकीसारखं उडत नाही. चहूबाजूंनी नळीचा आधार नसल्यानं पितळ फाटतं, दाब निघून जातो, जड गोळी फार लांब जात नाही. म्हणूनच संयुक्त राष्ट्रांच्या वर्गवारीत अशी काडतुसं 1.4एस या गटात येतात, म्हणजे अपघात झाला तरी परिणाम खोक्याच्या आसपासच राहतो असा माल.

याच कारणानं सुटी दारू आणि सुट्या टोप्या प्रवाशाला नेता येत नाहीत. ना केबिनमध्ये, ना चेक-इनमध्ये. आजोबांच्या चाळीस काडतुसांत मिळून दीडशे ग्रॅमच्या आत दारू होती. तीच दारू एका बाटलीत घातली असती तर चालली नसती; चाळीस पुंगळ्यांत वाटलेली चालली. घरी भरणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं, कारण ‘तिकडे जाऊन भरू’ असं म्हणत दारूचा डबा आणि टोप्यांचं पाकीट बॅगेत टाकायचा मोह त्यांनाच होतो.

माझ्या आजोबांची, सख्ख्या आजोबांची, कुडाळजवळच्या आमच्या वाडीत ठासणीची बंदूक होती. शेतीसंरक्षणाचा परवाना होता, रानडुकरांसाठी. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि नेमके तेव्हाच डुक्कर भातात शिरायचे. नळीतून काळी दारू ओतून गजानं ठासणं मी लहानपणी दुरून पाहिलंय. आम्हा पोरांना अंगणाच्या पलीकडे उभं करायचे. अमेरिकेतही ठासणीच्या बंदुकीनं शिकार करणारे बरेच आहेत. त्यांनी बंदूक विमानातून न्यावी, पण काळी दारू आणि टोप्या पोचल्यावर विकत घ्याव्यात. दुसरा मार्गच नाही.

मॉन्टानाबद्दल थोडक्यात. पेटी सुखरूप पोचली. प्रवासात रायफलवरची दुर्बीण हलली असेल म्हणून आजोबांनी आधी तीन बार निशाण्यावर टाकले. दुसऱ्या शिकाऱ्यांना माणूस दिसावा म्हणून शिकाऱ्याला कमरेच्या वर किमान 400 चौरस इंच केशरी कापड घालावं लागतं; सोबत्यानंही घातलेलं बरं. म्हणून माझ्या अंगात केशरी बंडी. पाचव्या दिवशी सकाळी एकच बार झाला आणि एल्क जागेवर बसला. आजोबा त्याच्याजवळ जाऊन टोपी काढून थोडा वेळ उभे राहिले.

सातव्या दिवशी बर्फाचं वादळ आलं आणि आमचं परतीचं विमान रद्द झालं. फोनवरून दुसऱ्या दिवशीची जागा मिळाली, पण दुसऱ्या कंपनीच्या विमानात. तिकीट बदललं म्हणजे नियमही बदलले, हे माझ्या लक्षात आलं ते जाताना तोंड पोळलं होतं म्हणूनच. ज्यांच्या रानात आम्ही उतरलो होतो त्यांच्या स्वयंपाकघरात बसून रात्री दहाला मी नव्या कंपनीचं पान उघडलं. काडतुसं उत्पादकाच्या मूळ वेष्टनातच हवीत. पूर्णविराम. ‘किंवा’ नाही. खात्रीसाठी मी त्यांच्या मदत क्रमांकावर फोन केला. चाळीस मिनिटांनी माणूस मिळाला आणि त्यानं तेच सांगितलं.

तोच डबा, तीच काडतुसं, तोच कायदा. जाताना चालली, परतताना नाही. हा नियम मला पटत नाही. कारखान्याच्या पुठ्ठ्यापेक्षा आजोबांचा खणांचा डबा टोप्यांचं रक्षण जास्त चांगलं करतो. पण पटण्या न पटण्याचा वाद रात्री दहाला फोनवर घालून सकाळी विमानात बसता येत नाही.

मग काडतुसांचं करायचं काय? पोस्टानं पाठवता येत नाहीत; अमेरिकी टपाल खातं काडतुसं घेतच नाही. यजमानांकडे त्याच मापाची रायफल होती, पण त्यांना द्यायला आजोबा तयार नव्हते आणि यजमानांनीही मागितली नाहीत. भरणाऱ्यांच्या जगात हा पक्का रिवाज आहे: दुसऱ्यानं भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत घालायचं नाही. एका रायफलला मानवलेली भरणी दुसरीत धोक्याची ठरू शकते. शेवटी ठरलं की डबा यजमानांच्या तळघरातल्या कपाटात, कुलपात राहील, पुढच्या वर्षापर्यंत. आजोबांनी झाकणावर नवा कागद चिकटवला: ‘फक्त माझ्या रायफलसाठी.’ खाली सही, तारीख.

कागदावर आकडा लिहायचा म्हणून त्यांनी काडतुसं मोजली. चाळीस आणली, तीन निशाण्यावर, एक एल्कवर. राहायला हवीत 36. डब्यात 35 निघाली.

त्यांनी पुन्हा मोजली. मग टेबलावर ओळीनं उभी करून मोजली. 35.

आजोबांचा चेहरा उतरला. पुढचा पाऊण तास आम्ही गाडीच्या सीटखाली, रायफलच्या पेटीच्या फोमखाली, बुटांत, सगळीकडे शोधलं. मग मला चौथ्या दिवशीची तारेची कुंपणं आठवली. कुंपण ओलांडताना बंदूक भरलेली ठेवायची नाही, म्हणून आजोबा नळीतलं काडतूस काढायचे आणि मी ते हातात धरायचो. मी केशरी बंडी आणली. आतल्या खिशाची शिवण उसवली होती. अस्तराच्या अगदी तळाशी बोटांना काहीतरी गार आणि गुळगुळीत लागलं.

ही बंडी मी केबिनच्या बॅगेत कोंबणार होतो. सकाळी एक्स-रेमध्ये ते काडतूस दिसलं असतं, पोलीस आले असते, दंड झाला असता, विमान गेलं असतं. आणि त्याहून वाईट विचार मला नंतर सुचला: कदाचित दिसलंही नसतं. तीच बॅग घेऊन मी डिसेंबरमध्ये मुंबईमार्गे गोव्यातल्या मोप्याला जाणार होतो.

भारतात परवान्याशिवाय एक काडतूससुद्धा 1959च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. कलम 25 लागतं, विमानतळावरूनच पोलिसांच्या ताब्यात जावं लागतं. बॅगेच्या कोपऱ्यात राहून गेलेल्या एका काडतुसापायी अडकलेल्या प्रवाशांचे खटले मुंबई आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी रद्द केल्याची उदाहरणं आहेत. जाणीवपूर्वक ताबा नसेल तर गुन्हा होत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं 1994 सालीच मांडलं आहे. पण ते कोर्टात पोचेपर्यंत सुट्टी संपते, परतीचं तिकीट जातं, पासपोर्ट अडकतो, वकील करावा लागतो. आणि भारतात 1972पासून वन्यजीव संरक्षण कायदा असताना ‘शिकारीला गेलो होतो’ हे कारण तिथल्या ठाण्यात सांगून बघा, समोरच्याचा चेहरा कसा होतो ते. परदेशातून गावी जाणाऱ्यानं शिकारीला वापरलेली बॅग, जाकीट, बंडी भारतात नेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. रिकामी पुंगळी आठवण म्हणूनही नको.

छत्तिसावं काडतूस खणात बसवलं तेव्हा साडेअकरा वाजले होते. आजोबांनी कागदावर 36 लिहिलं. मी माझी बॅग पलंगावर उलटी केली, खिशांची अस्तरं बाहेर काढली, शिवणींवरून बोट फिरवलं. पाइनच्या काड्या निघाल्या, एक भिजलेला नकाशा, गोळ्या-बिस्किटांचे कागद. बंडी तिथेच यजमानांच्या खुंटीला टांगून आलो.

सकाळी नव्या काउंटरवर आजोबांनी पेटी उघडली. काउंटरवरच्या मुलानं विचारलं, “काडतुसं?”

“नाहीत.”

“एकही नाही ना, सर?”

“एकही नाही,” आजोबा म्हणाले. “काल रात्री मोजलीत.” त्यांनी कार्डावर सही केली, कुलपं लावली, दोन्ही ओढून पाहिली. मग तपासणीवाल्यांनी पेटी आत घेईपर्यंत, सांगितलं होतं तसं, आम्ही बाजूच्या बाकावर बसून राहिलो.